वय वर्षे एक्याऐंशी

"आई बोलत नाही हं, आधीच सांगते," मनवाने दार उघडल्या उघडल्या सांगून टाकलं. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, पण उगाच आशा नको."

लांबून कसला, नायगावहून तर आला होता विकास. शिवाजी पार्क टॅक्सीने पंधरा मिनिटं. तेवढं यायला त्याला बावीस वर्षं लागली होती, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. आधी परीक्षा होऊ दे, मग नोकरी लागू दे, मग लग्न, मग पोरगी. आभार मानायला जायचं म्हटलं की माणसाला सवडच सापडत नाही. स्वतःच्या आईचे आभार त्याने मानले ते गेल्या महिन्यात, ती गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत, माईक हातात धरून. सगळी चाळ ऐकत होती, ऐकायला तेवढी आई नव्हती. मनवाच्या आईच्या, सरोजिनीबाईंच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, असं त्याने त्याच दिवशी ठरवलं.

त्याने पांढरी काठी दुमडली आणि चार पावलांत खोली ओळखली. डावीकडे खिडकी, बाहेर मैदान, मैदानातली 'कॅच, कॅच'ची ओरड. उजवीकडे स्वयंपाकघर. या घरात तो जन्मात आला नव्हता, पण इथला कुकर त्याने चौऱ्याऐंशी कॅसेटभर ऐकला होता.

तो जन्मांध. तो वकिली शिकत होता तेव्हा सरोजिनीबाई विमा कंपनीतून दमून घरी यायच्या आणि टेपरेकॉर्डरसमोर बसून रोज दोन तास कायद्याची पुस्तकं वाचायच्या, अंध विद्यार्थ्यांसाठी. एक पैसा न घेता. ऐकणारा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कॅसेटवर एवढंच असायचं: वाचक, सरोजिनी. इकडे बीडीडी चाळीतल्या एका खोलीत विकास टेपला कान लावून बसायचा, आणि त्याची आई मीराबाई तांदूळ निवडता निवडता फुकटात कायदा ऐकायची.

बाईंची एक सवय होती. वाचताना चुकल्या तर टेप मागे नेऊन चूक पुसायच्या नाहीत. क्षणभर थांबायच्या आणि स्वच्छ सांगायच्या, "चूक. पुन्हा वाचते." की वाक्य पहिल्यापासून. एकदा करार करणाऱ्याचं वय त्यांनी अठराऐवजी एक्याऐंशी वाचलं. मीराबाई हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, "पण बघ हां, एवढी शिकलेली बाई, चूक झाकली नाय तिने."

पहिल्याच वर्षी विकास तीन विषयांत आपटला. बस झाली वकिली, टेलिफोन बूथ चालवतो, असं म्हणून त्याने पुस्तकं बांधून ठेवली. मीराबाईने समजूत घातली नाही की रागावली नाही. तिने फक्त ती एक्याऐंशीची कॅसेट लावली. दुसऱ्या दिवशी त्याने परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला. आज तो एका बँकेत विधी अधिकारी होता.

"चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला," मनवा हळू आवाजात सांगत होती. "हात सुधारला. घशालाही काही नाही. पण शब्द भलतेच यायचे. एकदा पाणी मागायला गेली आणि म्हणाली, छत्री. पाहुणे होते, कुणीतरी हसलं. तेव्हापासून तोंड मिटलंय. तिला पुन्हा बोलायला शिकवायला येतात त्या ताई म्हणतात, चुकीचं का होईना, बोलायला हवं, नाहीतर आहे तेही जाईल. शुक्रवारी शेवटचं बघतील, मग येणं बंद करतील."

विकास खुर्चीवर बसला. "बाई, मी विकास. तुमच्या कॅसेटवर शिकलो मी." पाठ करून आणलेलं सगळं त्याने सांगितलं. उत्तरादाखल पलंग करकरला.

"भिंतीकडे वळली," मनवा म्हणाली. "असंच करते. चहा टाकते मी."

मनवाने चहाचं नाव काढलं, पण तिचा पाय निघेना. विकासने काठी मांडीवर आडवी ठेवली. आभारांनी काम होत नव्हतं. मग त्याने बाईंच्याच चालीत, जिथे त्या श्वास घ्यायच्या तिथे श्वास घेत, म्हणायला सुरुवात केली.

"प्रकरण दुसरं. कराराची पात्रता. करार करणाऱ्या व्यक्तीने वयाची एक्याऐंशी वर्षे पूर्ण केलेली असावीत."

आणि तो थांबला. कॅसेटवर इथे एका श्वासाची शांतता होती. ती सरली. दुसरा श्वास गेला, तिसरा गेला. खिडकीबाहेर कुणीतरी बाद झालं, आरडाओरडा झाला आणि विरला. आत कुकरची शिट्टी झाली. विकासने वाक्य दुरुस्त केलं नाही. तो तसाच बसून राहिला.

पलंग करकरला. आवाज या वेळी त्याच्या दिशेने आला. घशातून काहीतरी घरघरलं, अडलं, परत घरघरलं. विकासने तो आवाज ओळखला. म्हातारा झाला होता, पण तोच होता.

"सोळा," बाई म्हणाल्या.

मनवाचा श्वास अडकलेला विकासला ऐकू आला. चुकीचा आकडा. आता आई पुन्हा भिंतीकडे वळणार, या धास्तीने ती जागची हलली नाही. विकासही हलला नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"चूक," बाई म्हणाल्या. "पुन्हा... वाचते."