टाकाऊचं फोल्डर

"काका, आधी बसा," दुरुस्तीवाली स्टोअरकीपरना म्हणाली. चांगली बातमी कुणी आधी बसवून सांगत नाही.

ते बसले. शेजारच्या खुर्चीवर बायको बसलेलीच होती. गळ्याभोवती पातळ रुमाल, मांडीवर पाटी आणि खडू. काउंटरवर त्यांची हार्ड डिस्क उघडून ठेवली होती. साबणाच्या डबीएवढी वस्तू. दुरुस्तीवालीने दिवा जवळ ओढला तशी आतली चकती आरशासारखी चमकली. तिच्यावर गोल ओरखडे होते, नव्या भांड्यावर कुणी तारेची घासणी फिरवावी तसे.

"पडल्यानंतर परत परत लावून बघितली का हो?"

"एक-दोनदा," स्टोअरकीपर म्हणाले.

बायकोने नखाने काउंटरवर वाजवलं. टक, टक, टक, टक. ती थांबेचना. डिस्क अशीच वाजायची, आणि आज तरी उघडेल म्हणून ते रोज ती कम्प्युटरला लावून बसायचे. स्टोअरकीपरनी मान खाली घातली.

"आत बारीक काटा असतो, काका. तो वाकला होता. प्रत्येक 'टक'सरशी चकती खरवडत होता." तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

त्या चकतीवर बायकोचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं होतं, आत्ताच शेकडो वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवा. जखम भरली की त्यांवरून आवाज तयार करू. या टाइप करतील आणि मशीन यांच्याच आवाजात बोलेल. मग बायको रोज मायक्रोफोनपुढे बसली. 'दार उघडंच आहे.' 'मला नको, तुम्ही घ्या.' 'उद्या कोण येणार आहे?' नीट आलेली वाक्यं एका फोल्डरमध्ये गेली, बिघडलेली दुसऱ्यात. दुसऱ्याला स्टोअरकीपरनी नाव दिलं, टाकाऊ.

काम संपल्यावर त्यांनी सगळं डिस्कवर हलवलं आणि कम्प्युटरवरून पुसून टाकलं. उभी हयात कारखान्याच्या गोदामात गेली होती. एक माल दोन जागी ठेवला की तो एकाही जागी सापडत नाही, हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाकडून घोकून घेतलं होतं. मुलगा म्हणाला होता, "बाबा, एक कॉपी मला पाठवून ठेवा." तर त्यालाच पसाऱ्यावरून चार शब्द ऐकवले. डिस्क कपाटात, मऊ फडक्यात गुंडाळून. दर रविवारी बाहेर काढून पुसायची. अशीच पुसताना ती हातातून सुटली. एवढी निगा राखली नसती तर ती आज शाबूत असती, आणि हा विचार त्यांना घास गिळू देत नव्हता.

"चांगल्या फोल्डरमधलं काही आलं नाही," दुरुस्तीवाली म्हणाली. "फाइलींची नावं दिसतात. आत काही नाही."

"दुसरीकडे कुठे पाठवली तर? मोठ्या ठिकाणी? ताई, खर्चाचं मनात आणू नका."

"कुठेही पाठवा. जे खरवडलं गेलं ते चकतीवर राहिलेलंच नाही, काका. त्याची धूळ झाली."

तिने डबीचा कोपरा दाखवला. तिथे चिमूटभर करडी भुकटी साचली होती. घरभर फडकं घेऊन फिरणारे स्टोअरकीपर तिच्याकडे नुसते बघत राहिले. आपण आपल्या हाताने हिचा आवाज खरवडून काढला, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

बायकोने पाटी ओढली. टाइप केलेलं वाचून दाखवणाऱ्या, फोनमधल्या तयार आवाजाच्या बाईला तिने पहिल्याच दिवशी टवळी ठरवून गप्प केलं होतं. तेव्हा दोघंही हसले होते, कारण चार दिवसांचाच प्रश्न होता. आता तिने लिहिलं, 'टवळीलाच बोलवा मग.' आणि पाटी त्यांच्याकडे वळवली. स्टोअरकीपरनी हसायचा प्रयत्न केला. हसू काही आलं नाही.

"एक फाइल निघाली आहे," दुरुस्तीवाली चाचरत म्हणाली. "पण ती टाकाऊमधली. ऐकवू की नको?"

टाकाऊ मालसुद्धा परस्पर फेकायचा नाही, ही गोदामाचीच शिस्त. म्हणून ते फोल्डर राहिलं होतं. बायकोने मान हलवली. ऐकवा.

आधी नुसती घरघर आली. मग आवाज, स्वच्छ, जरासा वैतागलेला:

"अहो, तो पंखा बंद करा ना. प्रत्येक वाक्यात घरघर येतेय."

स्टोअरकीपर उठले. विचार वगैरे काही केला नाही. लग्न झाल्यापासून या आवाजाला ते असेच उठत आले होते. दुकानाच्या भिंतीवर बटणांची रांग होती. त्यांचं बोट बरोबर पंख्याच्या बटणावर पडलं.

"झाला? हं," स्पीकरमधून ती म्हणाली. "आता बोलते."

फाइल तिथेच संपली. डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. स्टोअरकीपर बटणावर बोट ठेवून तसेच उभे होते, बायकोकडे बघत, ती बोलायची वाट पाहत.