अळणी पाव

पावाचा पहिला घास तोंडात गेला आणि अण्णांचा चेहरा उतरला. आजही अळणी.

"कसा झालाय?" माईने विचारलं.

"झकास," म्हणत त्यांनी तो कसाबसा गिळला. माईने आपला तुकडा संपवला आणि वर दोन ग्लास पाणी प्यायली.

कडक सालीचा इटालियन गावठी पाव म्हणजे माईचा हातखंडा. आदल्या संध्याकाळी आंबवण भिजवायचं, सकाळी त्यात पीठ कालवून गोळा तासभर पडू द्यायचा, मीठ त्यानंतर, आणि मळून पुन्हा झाकून ठेवायचा. मग झाकणाच्या बिडाच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये. "दात शाबूत आहेत तोवर खाऊन घ्या," अशी चेष्टा करायची. एवढ्या वर्षांत मीठ कधी विसरली नाही बाई. आणि आता ही गत.

विसरण्याचा हा आजार वाढतच जाणार, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते. सगळं अण्णांनाच विचारत राहिले. माई आपली शेजारी डोळे पुसत बसलेली. ही उद्या आपल्याला ओळखेनाशी झाली तर कुणाच्या तोंडाकडे बघून जगायचं, या विचाराने अण्णा पार खचले होते.

परवा गॅस तसाच चालू राहिला. अण्णा तिथेच पेपर वाचत होते, त्यांना वाससुद्धा आला नाही. बाहेरून आलेल्या माईनेच धावत जाऊन बंद केला. अण्णा तिला एका शब्दाने बोलले नाहीत.

खरी धास्ती लेकीची होती. फोनवर ती माईला सांगत होती, "घरी सांभाळणं झेपायचं नाही. एक चांगली जागा बघून ठेवलीय." माई रडत नको नको म्हणत होती. अण्णांनी सगळं ऐकलं होतं.

आणि आज लेक जेवायला येणार होती.

माई नवा गोळा मळून, झाकून कपडे वाळत घालायला गेली. अण्णांनी फडकं उचललं, मूठभर मीठ घातलं आणि घाईघाईने मळून पुन्हा झाकलं. लेकीला कळता कामा नये. माईला कुठे नेऊ देणार नाही, जीव गेला तरी.

दुपारी लेकीने पाव तोंडात घातला आणि तिचा चेहराच बदलला. ती उठून तडक स्वयंपाकघरात गेली. मागोमाग माई. संपलं सगळं, अण्णांना वाटलं. ते पाय ओढत दारापर्यंत गेले.

लेक बेसिनवर चुळा भरत होती. "आई, अगं केवढं हे मीठ!"

"हळू बोल," माई म्हणाली. "मी घातलं, की मागून तेही घालतात. रोज. चव गेलीय त्यांची, रोज सांगते आणि रोज विसरतात. मी खाईन गं खारट. पण त्यांना तिकडे पाठवू नकोस."