पहिली कुंची

"अगं बया, काय सारखं टाकं हायती!" शेवंताकाकूंनी कुंची दाराच्या उजेडात धरली, तशा सतरंजीवर बसलेल्या बायका पुढं सरकल्या.

अंकिता मान खाली घालून बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट करत राहिली. दुपटं आधीच नीट होतं.

कुंडलच्या या घराची एक रीत होती. सून बाळाला घेऊन माहेराहून पहिल्यांदा परतली की बाळंतविडा मांडायचा आणि गल्लीतल्या बायकांना बोलवायचं. झबली, टोपडी, खेळणी बाजारची चालत. पहिली कुंची मात्र बाळाच्या आईच्या आईनं स्वतःच्या हातानं विणलेली हवी. अंकिताची सासू बनुबाई एरवी कशाला हटून बसत नसे, या एका गोष्टीला बसे.

आणि अंकिताची आई हौसाबाई तिथंच भिंतीला टेकून बसली होती. पाटणहून लेकीला पोचवायला आली होती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण नजर धूसर ती धूसरच. समोर माणूस आलेलं कळायचं, चेहरा कळायचा नाही. तरी लेक बाळंतपणाला आल्यापासून तिनं क्रोशाची सुई खाली ठेवली नव्हती. बोटांनी चाचपत विणायची, चुकलं की उसवायची, पुन्हा विणायची.

झालेली कुंची बघवत नव्हती. एक बाजू लांब, दुसरी आखूड. गुलाबी लोकर संपल्यावर तिनं दुसरा गुंडाही गुलाबीच समजून जोडला होता, तो निघाला नारिंगी. "जमलीया का गं?" तिनं विचारलं, तेव्हा अंकिता म्हणाली, "लय भारी झालीया, आई."

येताना कराडात गाडी चहाला थांबली. आई मागच्या सीटवर पेंगत होती. अंकिता समोरच्या दुकानात शिरली आणि एक गुलाबी कुंची घेऊन आली. "हातानं विणलेली हाय, गावाकडच्या बायका करून देत्यात," दुकानदार म्हणाला. तिनं मनाची समजूत घातली. हातचीच तर आहे, फक्त हात दुसऱ्याचे. आईची कुंची तिनं बॅगेच्या तळाशी, डायपरच्या पुड्याखाली सरकवली.

लोकांनी आईला हसू नये म्हणून केलं, असं ती स्वतःला सांगत होती. खरं तर लाज तिलाच वाटली होती. आता त्या लाजेचीही लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

"चुकलंय अवो थोडं," हौसाबाई भिंतीकडून म्हणाली. "एका अंगाला वढ बसलीया. मला दिसत न्हाई, चालवून घ्या."

बायका हसल्या. "कुठं चुकलंय, मावशी? मशीन लाजंल तुमच्याफुडं!"

हौसाबाईच्या तोंडावर असं हसू पसरलं, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अंकिताला झालं.

बनुबाईनं मात्र कुंचीसाठी हात पुढं केला. कुंची हातात आली तशी तिनं काठावरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्याशी थांबली. मग सुनेकडं एकवार बघितलं.

"बरी हाय," एवढंच म्हणाली.

सासूला अंकिता आत्या म्हणायची. आत्यांना संशय आला होता. रीतीच्या बाबतीत ही बाई कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. आता भर बायकांत विचारतील, आणि आई ऐकेल.

शेवंताकाकूंची जीभ कुठली स्वस्थ बसायला! त्या बनुबाईच्या कानाशी लागल्या. "मला तर बाजारची वाटतीया. विहीणबाईंस्नी दिसत न्हाई, आन् टाकं असं?"

"विहीणबाईंच्या हातची हाय," बनुबाई खेकसली. "माज्या घरात बसून पाव्हण्यांची उलटतपासणी करायची न्हाई, सांगून ठेवते."

अंकितानं चमकून सासूकडं बघितलं. बनुबाईनं तिच्याकडं बघितलं नाही.

"आणा की हिकडं," हौसाबाईनं दोन्ही हात पुढं केले. "एकदा हात फिरवते."

आईचे डोळे फसले होते, बोटं फसणार नव्हती.

"थांबा, आदी पोरीला घालू," बनुबाई म्हणाली. तिनं झटक्यानं बाळाच्या डोक्यावर कुंची चढवली, हनुवटीखाली बंद बांधले आणि त्याला पाळण्यात ठेवलं. "डोळं मिटाय लागलीया. आता हात लावला तर किरकिर करंल."

"ऱ्हाऊ दे मग, ऱ्हाऊ दे," म्हणत हौसाबाईनं हात मांडीवर घेतले.

अंकितानं ठरवून टाकलं. उद्या आईची पाठवणी झाली की आत्यांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगायचं. त्या बोलतील ते ऐकून घ्यायचं. आईला मात्र हे कधी म्हणजे कधीच कळू द्यायचं नाही. तेवढं एक साधलं तरी पुष्कळ झालं.

चहाचे कप फिरू लागले, तेवढ्यात दारात एक तरुण बाई चपला काढताना दिसली. अंकितानं तिला पूर्वी पाहिलं नव्हतं.

"ह्या बचत गटाच्या प्रांजलताई," शेवंताकाकूंनी सांगितलं. "तू म्हायेरी गेलीस, तवा आल्या गावात."

बनुबाई लगबगीनं उठली. "प्रांजल, आदी आत ये बाई. च्या घे..."

पण प्रांजल पाळण्याशी पोचली होती. ती वाकली, कुंचीचा काठ बोटांत धरला आणि खुललेल्या चेहऱ्यानं बनुबाईकडं वळली.

"अहो मावशी, ही तर तुम्हीच विणलेली! पहिल्या कुंचीचा मान विहीणबाईंचा म्हणून हट्टानं मला कराडच्या दुकानात विकायला द्यायला लावलीत, आणि शेवटी नातीला घातलीतच की!"