केरबाच्या पिशवीची चेन

“कोयता आण आन् फाड ती पिशवी. माझ्या लेकाचं काय हाय त्यात, एकदा बघू तरी दे,” मनुबाई म्हणाली.

तानुबाईनं पिशवीवर दोन्ही हात ठेवले. “फाडायची न्हाई, आत्याबाई. भावजींच्या हातची शेवटची वस्तू हाय. आक्कास्नी ती जल्मभर सांभाळायची हाय. मी उघडती.”

पिशवी सकाळीच पलूसच्या पोस्टातून आली होती. खाकी, हातभर लांब, आणि तोंडाला ना बटण ना नाडी. पितळेच्या दातांची एक पट्टी. याला चेन म्हणतात एवढं पोस्टमननं सांगितलं, आणि ती उघडेना तेव्हा सायकलवर टांग मारून तो निघून गेला. इटलीच्या चिखलपाण्यानं दात हिरवे पडले होते. ओढायची मूठ तुटली होती. मध्येच कसली तरी काळपट चिंधी अडकून बसली होती.

जाधवांच्या घरात केरबा दोन. म्हातारा केरबा वारला त्याच वर्षी तात्याबा आणि नानासो या त्याच्या दोन्ही लेकांना मुलगे झाले. बापाचं नाव कोण सोडणार? दोघांनीही ठेवलं. थोरला केरबा तात्याबा-मनुबाईचा लेक, विजयमालेचा नवरा; धाकटा नानासोचा, तानुबाईचा नवरा. दोघे एकाच पलटणीत, एकाच लढाईवर.

दीड महिन्यापूर्वी इंग्रजी कागद आला. मास्तरांनी वाचून सांगितलं, शिपाई केरबा जाधव कामी आला. थोरल्या तात्याबानं तिथंच छाती बडवून घेतली. त्या घरात नवं धान्य असो की देवाचा नैवेद्य, पहिला मान थोरल्या पातीचा. मरणही तिकडंच गेलं. कागदावर नंबर होता, पण तो ताडून बघायचं कुणाच्याच मनात आलं नाही. संध्याकाळपर्यंत विजयमालेच्या बांगड्या फुटल्या आणि कपाळ पुसलं गेलं.

तानुबाई तेव्हा आक्काच्या गळ्यात पडून रडली. रडणं खरं होतं. पण रडता रडता तिनं मनातल्या मनात अंबाबाईला खण-नारळाचा नवस बोलला होता, तेही खरं होतं. दीड महिना ती लाज तिला खात होती. म्हणून ती आक्काला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती, आणि म्हणूनच ही चेनही तिलाच उघडायची होती.

तिनं आधी सुईच्या टोकानं चिंधीचा एकेक धागा सोडवला. घाई केली की दात आणखी घट्ट धरायचे. मग थांबायचं, मागं ढकलायचं, पुन्हा सुई. नंतर भिजवलेली चिंच दातांवर चोळली, समई घासावी तशी. हिरवं गेलं, पिवळं दिसू लागलं. दात पुसून कोरडे केले आणि त्यांवरून साबणाची वडी फिरवली. मुठीच्या जागी भोक उरलं होतं, त्यात दुहेरी सुतळी ओवली.

मनुबाई वाट बघून चुलीपाशी गेली होती. विजयमाला मागच्या उंबऱ्यावर बसून होती. अलीकडं ती पुढच्या सोप्यात येत नसे.

“ऱ्हाऊ दे गं तानू,” ती म्हणाली. “उघडून तरी काय मिळायचं हाय मला?”

“मिळंल, आक्का. वाईच दम धरा.”

तानुबाईनं सुतळी ओढली. चेन कुरकुरली, अडली आणि एकदम सुळकन उघडली.

सगळ्यात वर तंबाखूची चंची होती. तिचाच कोपरा चेनीत सापडून फाटला होता. कापड हिरव्या खणाचं, तानुबाईच्या लग्नातल्या चोळीतून उरलेलं. टाके तिचे. चंचीखाली पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं की सही येत नाही म्हणून ती खाली कुंकवाचं बोट टेकवायची. प्रत्येक कार्डावर ते बोट होतं.

सुतळी अजून तिच्या हातात होती. चेन आता हलक्या हातानं मागंही गेली असती. उघडत न्हाई म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? थोरला केरबा घरी येईपर्यंत तरी तिचं कपाळ शाबूत राहिलं असतं. तिनं चेन अर्धी मिटवलीसुद्धा. मग तिची नजर उंबऱ्याकडं गेली. ते रिकामं कपाळ तिला बघवेना.

“आक्का,” ती म्हणाली, “कुंकू लावा तुमी. ह्यो तुमचा केरबा न्हवं. ह्यो माझा हाय.”

मनुबाई चुलीपासून धावत आली. तिनं चंची हिसकावून पाहिली, कार्डं उलटीपालटी केली. चंचीवरचे टाके तिच्या ओळखीचे होते, कार्डांवरचं बोटही. मग तिनं जो हंबरडा फोडला तो दुःखाचा नव्हता. ती धावत देव्हाऱ्यापाशी गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तिनं सुनेला दंडाला धरून ओढतच सोप्यात आणलं. विजयमालेला हसता येईना की रडता येईना. ती तानुबाईला मिठीत घ्यायला खाली वाकली.

मनुबाईनं तिला मागं ओढलं. करंड्याचं झाकण उघडलं आणि तानुबाईकडं न बघताच ती म्हणाली, “तानू, तू जरा लांब सर. सवाष्णीला कुंकू लावायचं हाय.”