गल्लीच्या टोकापर्यंत

आमची जुनी स्कूटर विकत घ्यायला आलेला तरुण ती ढकलतच परत आला. पहिल्या किकला सुरू झालेली गाडी गल्लीच्या टोकाला बंद पडली होती. "काका, इंजिनचं काम निघालंय," म्हणत तो गेला.

मला ते झोंबलं. आजवर या स्कूटरला मी मेकॅनिकचा हात लागू दिलेला नाही. लेकीने नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली, पोर्चमध्ये दोन मावत नाहीत, म्हणून ही विकायची. पण बिघडलेली म्हणून? छे!

प्लग काढून घासला. कार्बोरेटर खोलून फुंकर मारली, पुन्हा बसवला. कोपरापर्यंत काळा झालो. बायको पायरीवर शेंगा सोलत चक्क गुणगुणत होती. एरवी फरशीवर ऑइलचा थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेते.

शेवटी सीटखाली हात गेला. पेट्रोलचा कॉकच बंद! आत उरलेल्या पेट्रोलवर गाडी तेवढी गेली होती.

"अगं, हा कुणी बंद केला?"

"मी," ती म्हणाली. "हिचा आवाज गल्लीच्या टोकाला आला, की मी चहा टाकते. ती नवी गाडी मुकी आहे. तुम्ही आलात, हे मला कळायचं कसं?"

मी कॉक उघडला, किक मारली. स्कूटर गरजली. तेवढ्यात फाटकाशी दुसरं गिऱ्हाईक आलं.

"काका, चालवून बघू का?"

"बघा की. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या," मी म्हणालो आणि किल्ली देता देता कॉक हळूच बंद केला.