सगळ्यात जाड सूट

तिनं तोंडावरच्या जाळीची चेन गळ्याभोवती ओढली, वरून चिकटपट्टी लावली आणि अंगठ्यानं दाबून दाबून पक्की केली. नवरा दोन्ही हात पसरून उभा होता. सूट इतका जाड होता, की त्याचे हात अंगाला टेकतच नव्हते.

"वहिनी, दादाला मध काढायला पाठवतेस की चंद्रावर?" नणंदेनं दारातून विचारलं. ती सुट्टीसाठी माहेरी आली होती आणि तिला सगळ्याचीच गंमत वाटत होती.

हिला हसू आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात नणंद इथे नव्हती. एक मधमाशी गळ्याला चावली आणि तिचा भाऊ बघता बघता कसा सुजला, ओठ कसे निळे पडले, ते तिनं पाहिलं नव्हतं. श्वास आत घेताना त्याच्या घशातून शिट्टी वाजत होती. दवाखाना येईपर्यंत हिचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी वाचवलं, पण स्पष्ट सांगितलं, पुन्हा चावली तर इथवर पोचायला वेळ मिळेलच असं नाही.

चावली कशी, असं तिनं विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, कापडातून. जुना सूट तसा बरा दिसत होता. तिनं तो धुतला, उलटा केला, उजेडात धरून पाहिला. गळ्याशी कुठे विरलेलं सापडलं नाही. पण चावली ती चावलीच. तिनं त्या सुटाची फडकी केली. मग मधमाश्यांच्या पेट्या विकून टाका म्हणून धोशा लावला. पण मध विकून आणि फळं चांगली धरावीत म्हणून फळबागांना पेट्या भाड्यानं देऊनच घर चालत होतं. शेवटी तह झाला. पेट्या राहतील, कपडे ती निवडेल.

दुकानातली बाई जाणती होती. तुमच्याकडे ऊन कसं असतं, काम सकाळी करता की दुपारी, असं विचारत बसली. मग तिनं एक जाळीचा सूट पुढे केला. तीन पदरी जाळी आहे, म्हणाली, माशीची नांगी कातडीपर्यंत पोचत नाही, वारा मात्र पोचतो. उन्हाच्या मुलखात सगळे हाच नेतात. हिनं तो दिव्यासमोर धरला. आरपार उजेड दिसला आणि हिची पाचावर धारण बसली. सगळ्यात जाड असेल तो द्या, हिनं सांगितलं. बाईनं पुन्हा समजावून पाहिलं, पण ऐकेल तर ती ही कसली. नवरा शेजारीच होता. तो काहीतरी बोलायला गेला, हिच्याकडे पाहिलं आणि खिशातून पैसे काढले.

आज संध्याकाळी बागवाल्याची गाडी पेट्या न्यायला येणार होती. त्याआधी सगळ्या तपासून व्हायला हव्या होत्या. सकाळीच उरकायचं ठरलं होतं, पण तिच्या पट्ट्या लावण्यात ऊन डोक्यावर आलं. निघताना तो म्हणाला, "फार उकडतंय गं यात." उकडलं तर उकडू दे, जीव तर राहील, असं म्हणून तिनं त्याला बाहेर काढलं आणि डॉक्टरांनी जवळ ठेवायला दिलेली इंजेक्शनची डबी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली.

पहिल्या पेटीचं झाकण निघालं. माशांचा ढग वर उठला आणि सुटावर बसला. पांढरं कापड तपकिरी झालं. एकही आत शिरू शकत नव्हती. तिला वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. नणंदेला म्हणाली, बघ, माझं ऐकलं ना.

तिसऱ्या पेटीशी त्याचा वेग मंदावला. पोळ्याची चौकट उचलली, धरून राहिला आणि पुन्हा तशीच ठेवली. तोंडासमोरच्या जाळीवरून त्यानं बाही फिरवली, मग परत फिरवली. मग हातमोजा काढून खाली टाकला आणि हात गळ्याकडे नेला.

तिला एकच वाटलं: चावली. पण तो गळा चोळत नव्हता. नखानं चिकटपट्टीचं टोक शोधत होता.

ती धावली. पायात चप्पल नाही, अंगावर घरचा सुती गाऊन. डबी तशीच मुठीत. मागून नणंद हाका मारत राहिली. ती पोचली तेव्हा पट्टी अर्धी सुटली होती आणि त्याचं बोट चेनच्या कडीत होतं. जाळीआड त्याचा चेहरा लालबुंद दिसत होता आणि घामाच्या धारा डोळ्यांत उतरत होत्या. तिनं त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं चेन मुठीत आवळली. एक माशी तिच्या बोटाला चावली, मग मनगटाला, मग मानेला. तिनं मूठ सोडली नाही.

"घरात चला आधी," ती म्हणाली. "इथे उघडू नका."

त्याला ओढत ती निघाली. तो अडखळत मागून येत होता, पण हात सोडवायला बघत होता. जीभ जड झाली होती. लहान मुलासारखा तो पुन्हा पुन्हा विनवत होता.

"सोड ना, काही दिसत नाहीये. डोळे पुसतो आणि लगेच लावतो चेन. गेल्या वर्षी लावायला उशीर झाला, या वेळी नाही होणार."