सत्तर दिवस

आयर्लंडमधल्या रॉसलेअर बंदराच्या काउंटरवरच्या मुलीने हरीशचा पासपोर्ट उघडला आणि लगेच परत दिला. कौमुदीचा मात्र तीनदा चाळला, व्हिसा उजेडाकडे धरून पाहिला आणि मग ती हसून म्हणाली, "ग्रँड," म्हणजे ठीक आहे. त्यांची जुनी कॅम्परव्हॅन फ्रान्सला जाणाऱ्या बोटीत चढली.

हरीशचा पासपोर्ट आयरिश होता, कौमुदीचा अजून भारतीय. शॅननमध्ये सहा वर्षं काढूनही रेसिडेन्स कार्ड रिन्यू करताना तिला दर वेळी नवऱ्याला शेजारी उभं करावं लागे. ऑगस्टमध्ये ती नागरिकत्वाचा अर्ज करणार होती. नियम तिला पाठ होता. अर्जाआधीच्या वर्षात सत्तर दिवसांहून जास्त देशाबाहेर राहायचं नाही. जानेवारीत बाबा गेले तेव्हा ती एकतीस दिवस नागपूरला होती. ही ट्रिप पस्तीस दिवसांची. म्हणजे सहासष्ट. चार दिवस हातात राहत होते.

पासपोर्ट मिळाला की ती हरीशला सोडणार होती. डंडॉकला तिची मैत्रीण रेवती एक खोली रिकामी करून बसली होती.

हरीशने कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला होता, "तू जा. माझा या आठवड्यात सॉफ्टवेअर रिलीज आहे." आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळला होता. नागपूरला सगळे विचारत होते, जावई कुठे आहेत. कौमुदीने तिथेच ठरवलं.

एप्रिलमध्ये त्यानेच ट्रिपचा विषय काढला. "भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने जाऊ. किती वर्षं म्हणतेयस." नाही म्हणायला कारण सापडेना. शेवटचं म्हणून जाऊ, असं तिने मनाशी म्हटलं.

फ्रान्सचा किनारा जवळजवळ न बोलता गेला. तो गाडी चालवायचा, ती नकाशा बघायची. संध्याकाळी एका शेगडीवर खिचडी. स्पेनमध्ये ऊन वाढलं, आणि एकतिसाव्या दिवशी आलिकान्ते शहराच्या खाली एका लहानशा गावात गाडीचा क्लच गेला.

गॅरेजवाला गाडी ओढून घेऊन गेला. पार्ट बाहेरून मागवायचा होता, दोन-तीन दिवस लागणार होते. त्यांनी समुद्राकाठच्या कॅम्पसाइटवर पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकला.

हरीश रोज सकाळी एकटाच चालत गॅरेजला जायचा. परत येताना पाव आणि जर्दाळू आणायचा.

"पार्ट आला?"

"उद्या म्हणतोय."

तिसऱ्या दिवशी कौमुदीला राग आला. पाचव्या दिवशी ती पोहायला गेली. शेजारच्या तंबूतल्या डच म्हाताऱ्यांनी त्यांना एक टेबल दिलं. हरीशने त्यावर कणीक मळली आणि वेड्यावाकड्या पोळ्या लाटल्या. दोघंही हसली. असं हसून किती दिवस झाले, हे तिला आठवेना.

सातव्या दिवशी वाळूत बसलेले असताना त्याने विचारलं, "बाबांना शेवटी खूप त्रास झाला का?"

जानेवारीपासून त्याने हे विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. त्यांना ओळखू येईनासं झालं होतं, पण तिचा हात सोडत नव्हते. हरीश ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी यायला हवं होतं. चुकलं माझं."

ती रडली. त्याने तिला रडू दिलं.

आठव्या दिवशी हरीश गॅरेजला गेल्यावर तिने फोन उघडला. आलिकान्तेहून शॅननला दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं. त्या विमानानं गेलं तर बरोबर सत्तर दिवस. त्यानंतरचं विमान थेट चार दिवसांनी. एक सीट निवडून तिने नावही भरलं. हरीशला 'ऑफिसमधून बोलावलंय' एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पायवाटेवरून तो येताना दिसला, हातात जर्दाळूंची पिशवी. उन्हाने नाक सोललेलं. तिने फोन बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी विमान गेलं. दुपारी हरीश गाडी घेऊनच आला.

शॅननला पोचल्यावर दोन दिवस कपडे धुण्यात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने चहा ठेवला, प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, दोन कप काढले आणि त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मला तुला काहीतरी सांगायचंय. मी तुला सोडून जाणार होते. पासपोर्ट आला की."

हरीश खुर्चीत बसला.

"आता नाही जाणार," ती म्हणाली. "ऑगस्टचा अर्जही नाही होणार. पंच्याहत्तर दिवस झालेत. होऊ दे. पुढच्या वर्षी करू. मला घाई नाही." विमानाचं तेवढं तिने सांगितलं नाही. आता त्याची गरज नव्हती.

"माहीत होतं मला," हरीश म्हणाला.

"काय?"

"मार्चमध्ये तू रेवतीशी फोनवर बोलत होतीस. मी जिन्यात होतो."

सगळं ठाऊक असूनही हा माणूस आपल्यासाठी पोळ्या लाटत होता, आपल्या बाबांबद्दल विचारत होता. तिने टेबलावरून त्याचा हात धरला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर थांबली असतीस?"

"नसते थांबले," तिने कबूल केलं. "त्या तंबूत नऊ दिवस काढले म्हणून थांबले. क्लच गेला नसता तर पासपोर्ट आल्यावर मी गेलेच असते."

हरीशने हात सोडवून घेतला नाही. चहावर साय धरत होती.

"गाडी तिसऱ्या दिवशीच तयार झाली होती," तो म्हणाला. "तुला सत्तर दिवसांत पोचवणारं शेवटचं विमान जाईपर्यंत मी ती आणली नाही."